जमीन वापरातला बदल मोजताना पॉइंट किती टाकायचे? सांगली-साताऱ्याची उदाहरणं घेऊन

दहा वर्षांत देशातली किती शेतजमीन बिगरशेती झाली, किती माळरान बागायतीखाली आलं, किती जंगल कमी झालं, या प्रश्नांची उत्तरं उपग्रहाच्या चित्रांवर पॉइंट टाकून आणि एकेक पॉइंट डोळ्यांनी तपासून काढता येतात. या कामात नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "ग्रिड किती किलोमीटरची घ्यायची?" म्हणजे शेजारच्या दोन पॉइंटांत किती अंतर ठेवायचं? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "अमक्यांनी पाच घेतली होती, आपणही पाच घेऊ." पुढची सगळी मेहनत तिथेच वाया जाण्याची शक्यता असते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले पॉइंट तपासण्याचं काम मी केलं आहे. ही घनता कशी ठरवायची ते इथे क्रमाने लिहितो आहे.

एक शंका आधीच मिटवू. दोन वर्षांचे तयार नकाशे एकावर एक ठेवून फरक का मोजायचा नाही? समजा, दोन्ही नकाशे प्रत्येकी ९० टक्के अचूक आहेत आणि त्यांच्या चुका एकमेकांवर अवलंबून नाहीत. मग दोन्ही नकाशांत बरोबर असलेली जागा ८१ टक्केच उरते. खरा बदल एक-दोन टक्क्यांचा असेल, तर तो या चुकांच्या ढिगात सापडणारच नाही. नकाशाचा उपयोग आहे, पण तो वेगळ्या कामासाठी. त्याबद्दल पायरी ६ मध्ये.

१. आधी शेवटचं वाक्य लिहा

काम संपल्यावर अहवालात जे वाक्य यायला हवं, ते आजच कोऱ्या कागदावर लिहा. उदाहरणार्थ, "२०१५ ते २०२५ या काळात सांगली जिल्ह्यातल्या इतक्या हेक्टर शेतजमिनीवर वस्ती झाली, चूक अधिक-उणे २० टक्के." या वाक्यात चार गोष्टी पक्क्या होतात: कोणता बदल, कोणत्या दोन वर्षांमधला, कोणत्या हद्दीतला आणि किती चूक चालेल. घनता या चारांवरूनच निघते. "जमीन वापरातला बदल मोजायचा आहे" एवढ्यावर ग्रिड ठरवता येत नाही.

वर्गही आत्ताच ठरवा. राष्ट्रीय हरितगृह वायूंच्या हिशेबासाठी आयपीसीचे (हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचे) सहा वर्ग वापरतात: वनजमीन, पीकजमीन, गवताळ जमीन, पाणथळ, वस्ती आणि इतर. महसूल आणि कृषी खात्याची नऊ वर्गांची पद्धत वेगळी आहे, त्यात चालू पड, इतर पड, कायम कुरण असे भाग येतात. भारतीय वन सर्वेक्षण तर एक हेक्टर किंवा जास्त क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक झाडोरा असला की त्याला वनाच्छादन म्हणतं, मग जमिनीची मालकी कोणाचीही असो. त्या हिशेबात शेतकऱ्याची आंब्याची बागही येते. व्याख्या न लिहिता दोन जण पॉइंट वाचायला बसले, तर एकाच बागेला एक जण जंगल म्हणेल आणि दुसरा शेती.

२. काय काय लागेल

- क्यूजीआयएस (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) आणि गूगल अर्थ प्रो, त्यातल्या जुन्या चित्रांसाठी
- कलेक्ट अर्थ ऑनलाइन, म्हणजे अनेकांना एकाच वेळी पॉइंट वाचता येतात
- सेंटिनेल-२ आणि लँडसॅट या उपग्रहांची चित्रं. सेंटिनेलचा एक पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची आहेत, त्याआधीच्या काळासाठी लँडसॅट
- जिल्हा आणि तालुक्यांच्या हद्दींची फाईल
- इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचे जमीन वापराचे नकाशे, संदर्भासाठी
- वर्गांच्या व्याख्यांचं एक पान, प्रत्येक वर्गाच्या दोन-तीन स्थानिक चित्रांसह. हे तुम्हीच बनवायचं

३. बदल किती दुर्मिळ आहे, त्याचा अंदाज घ्या

सगळा हिशेब या पायरीवर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना व्यापारी पोत्यातून मूठभर हळकुंडं काढून प्रत ठरवतो. माल शंभर पोती असो की हजार, एकूण प्रत कळायला त्याला सारखाच नमुना पुरतो. पण हजारात एखादंच किडकं हळकुंड असेल आणि नेमकं किडीचं प्रमाण सांगायचं असेल, तर मूठभर हळदीने भागत नाही. जमिनीचंही असंच आहे. किती पॉइंट लागतील हे जिल्हा किती मोठा आहे यावरून ठरत नाही, तुम्ही शोधताय ती गोष्ट किती विरळ आहे यावरून ठरतं.

एक सोपा नियम पाठ करा. बदल सापडलेल्या पॉइंटांची संख्या घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २ ला त्याने भागा. दुर्मिळ बदलासाठी साधारण ९५ टक्के खात्रीची चूक तेवढी येते. बदलाचे २५ पॉइंट सापडले तर चूक अधिक-उणे ४० टक्के, १०० सापडले तर २० टक्के आणि ४०० सापडले तर १० टक्के. एकूण किती पॉइंट टाकले हे इथे दुय्यम आहे.

आता उलटं मोजा. अधिक-उणे २० टक्के चूक चालणार असेल, तर बदलाचे सुमारे १०० पॉइंट हाती लागले पाहिजेत. बदल १० टक्के जागेवर असेल तर हजाराच्या आत काम होतं. ५ टक्क्यांवर असेल तर सुमारे २,०००. १ टक्क्यावर असेल तर सुमारे १०,०००. अर्ध्या टक्क्यासाठी २०,०००. "ऊस किती आहे" हे विचारणं स्वस्त आहे, "ऊस किती वाढला" हे महाग आहे आणि "किती शेतीवर प्लॉट पडले" हे त्याहून महाग.

सापळा: एकही बदल न सापडणं म्हणजे बदल शून्य असणं नव्हे. सांगली जिल्ह्याचं क्षेत्र ८,५७२ चौरस किलोमीटर आहे. ४ किलोमीटरच्या ग्रिडवर सुमारे ५३६ पॉइंट पडतील. त्यांतल्या एकावरही बदल दिसला नाही, तरी खरा बदल ०.५६ टक्क्यांपर्यंत असू शकतो (३ भागिले पॉइंटांची संख्या). म्हणजे ४८ चौरस किलोमीटर जमीन बदललेली असू शकते आणि तुमच्या तक्त्यात मात्र शून्य.

४. आकडा कोणत्या पातळीवर सांगायचा?

देशाचं क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर. बदल १ टक्का धरू आणि वेगवेगळ्या ग्रिड तपासू.

१० किलोमीटरची ग्रिड: देशात जवळपास ३३,००० पॉइंट, बदलाचे ३३० आणि चूक सुमारे ११ टक्के. राष्ट्रीय आकड्यासाठी उत्तम. त्याच ग्रिडवर सांगली जिल्ह्यात ८६ पॉइंट पडतात आणि बदलाचा सरासरी एकसुद्धा मिळत नाही.

५ किलोमीटरची: सांगलीत ३४३ पॉइंट, बदलाचे तीन-चार. जिल्ह्याबद्दल काहीच बोलता येत नाही.

२ किलोमीटरची: सांगलीत २,१४३ पॉइंट, बदलाचे २१, चूक ४० टक्क्यांहून जास्त.

१ किलोमीटरची: ८,५७२ पॉइंट, बदलाचे ८६ आणि चूक २०-२२ टक्के. जिल्ह्याचा आकडा इथे कुठे उभा राहतो. साताऱ्याचं क्षेत्र १०,४८० चौरस किलोमीटर आहे, तिथे याच ग्रिडवर थोडं बरं चित्र मिळेल.

सांगलीत दहा तालुके आहेत. २ किलोमीटरच्या ग्रिडवर तालुक्याला सरासरी २१४ पॉइंट येतात, बदलाचे दोन. असं असताना "शिराळ्यात बदल कमी, पलूसमध्ये जास्त" असा तक्ता छापणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाचे पॉइंट जिल्ह्यापुरते कापून आकडे काढण्याची मागणी वरून हमखास येते. तिला नकार द्या, किंवा त्या जिल्ह्यासाठी जादा पॉइंट टाकायला पैसे आणि माणसं मागा.

इतर देशांच्या ग्रिड बघा जरूर, पण त्यांचा प्रश्नही सोबत बघा. स्वित्झर्लंड आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या दुपटीहून थोडा मोठा आहे. तिथे दर १०० मीटरवर एक, असे सुमारे ४१ लाख पॉइंट हवाई छायाचित्रांवर वाचतात, कारण त्यांना लहान भागांचेही आकडे हवे असतात. युरोपीय संघाच्या लुकास सर्वेक्षणात २ किलोमीटरच्या ग्रिडवर सुमारे ११ लाख पॉइंट आधी छायाचित्रांवरून ढोबळ वर्गांत वाटले, मग त्यांतले निवडक बारकाईने तपासले, बहुतेक मैदानात जाऊन. २०१८ मध्ये हे निवडक पॉइंट सुमारे ३.४ लाख होते, त्यांतले सुमारे २.४ लाख मैदानात जाऊन तपासले. आपल्याकडे भारतीय वन सर्वेक्षणाची राष्ट्रीय वनगणना ५ किलोमीटरच्या ग्रिडवर आहे. तिचा मुख्य प्रश्न झाडांचा आणि वनसंपत्तीचा. शेतीवर उठणाऱ्या वस्तीसाठी ती ग्रिड बेतलेलीच नाही.

५. दोन्ही वर्षांना तेच पॉइंट

यावर वाद घालू नका. २०१५ साठी वेगळे आणि २०२५ साठी वेगळे पॉइंट टाकले तर काय होतं, पाहा. समजा, वनजमीन २० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आली आणि दर वेळी २,००० पॉइंट होते. वेगवेगळे पॉइंट असतील तर १ टक्का घटीवरची चूक अधिक-उणे अडीच टक्के येते (इथे आणि पायरी ६ मध्ये चूक एकूण क्षेत्राच्या टक्क्यांत आहे). म्हणजे जंगल घटलं की वाढलं हेही सांगता येत नाही. तेच पॉइंट दोन्ही वर्षांना वाचले आणि दीड टक्का गेलं, अर्धा टक्का नवं आलं असं दिसलं, तर चूक अधिक-उणे ०.६ टक्के. घट नक्की झाली हे ठामपणे सांगता येतं. वेगवेगळ्या पॉइंटांनी हीच खात्री हवी असेल तर सुमारे सोळापट पॉइंट लागतील.

शिवाय कशाचं काय झालं हे फक्त तेच पॉइंट सांगतात. निव्वळ घट १ टक्का दिसत असली, तरी पाटणकडे गेलेलं जंगल आणि माणमध्ये उभं राहिलेलं रोपवन यांत मोठा फरक आहे.

६. सगळीकडे सारखी घनता, की काही भागात दाट?

बदल सगळीकडे सारखा विखुरलेला नसतो. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला, मिरज-कुपवाड परिसरात, शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचं पाणी पोचलेल्या गावांत तो एकवटलेला असतो. तयार नकाशांचा उपयोग इथे होतो. दोन वर्षांच्या नकाशांतला फरक घेऊन जिल्ह्याचे दोन थर करा: 'बदलाची शक्यता' आणि 'बहुधा जैसे थे'.

इथे नव्या माणसाचा हात हमखास चुकीच्या बाजूला जातो. वाटतं, बदल जिथे आहे तिथेच सगळे पॉइंट टाकावेत. हिशेब करून बघा. पहिला थर जिल्ह्याच्या ५ टक्के आहे आणि त्यातल्या १५ टक्के जागेवर खरा बदल आहे. उरलेल्या ९५ टक्के थरात बदल फक्त पाव टक्क्याच्या आसपास, नकाशाच्या नजरेतून सुटलेला. जिल्ह्याचा एकूण बदल १ टक्का. तुमच्याकडे २,००० पॉइंटांची ताकद आहे.

थर न करता टाकले तर चूक अधिक-उणे ०.४४ टक्के.

थर करून १,५०० पॉइंट पहिल्या थरात आणि ५०० दुसऱ्यात टाकले, तरी चूक ०.४४ टक्केच. थर करण्याचा सगळा खटाटोप फुकट.

५४० पहिल्यात आणि १,४६० दुसऱ्यात टाकले तर चूक ०.२९ टक्के. थर न करता एवढी अचूकता हवी असेल तर पॉइंट दुपटीहून जास्त लागतील.

याचं कारण त्या मोठ्या, शांत वाटणाऱ्या थरात आहे. तिथे ५०० पॉइंट असतील तर सांगलीत प्रत्येक पॉइंट १६ चौरस किलोमीटर जमिनीच्या वतीने बोलतो. जतच्या माळावर एका पॉइंटवर नवी डाळिंबबाग दिसली की आकडा एका झटक्यात १,६०० हेक्टरांनी उडी मारतो. म्हणून पहिल्या थराची घनता जास्त ठेवा, पण दुसऱ्या थराला उपाशी ठेवू नका.

थर केले की भारही लावावा लागतो. प्रत्येक थराची टक्केवारी वेगळी काढा, तिला त्या थराच्या क्षेत्राने गुणा आणि मग बेरीज करा. सगळे पॉइंट एकत्र मोजले तर दाट थरातला बदल अख्ख्या जिल्ह्यावर पसरतो आणि आकडा कितीतरी पटींनी फुगतो.

७. ग्रिड टाकताना

अंशांवर ग्रिड टाकू नका. रेखांशाचा एक अंश कन्याकुमारीजवळ सुमारे ११० किलोमीटरचा, आपल्याकडे १०६ चा आणि श्रीनगरच्या बाजूला ९२ च्या आसपास असतो. अंशांची ग्रिड घेतली की उत्तरेचे पॉइंट दाट पडतात आणि देशाची टक्केवारी तिकडे झुकते. दोन्ही जिल्ह्यांसाठी मीटरमध्ये मोजणारं यूटीएम हे नकाशाचं प्रक्षेपण, विभाग ४३ उत्तर (क्यूजीआयएसमधला कोड ईपीएसजी ३२६४३), पुरतं. देशासाठी क्षेत्रफळ न बिघडवणारं प्रक्षेपण घ्या.

ग्रिडची सुरुवात यादृच्छिक बिंदूपासून करा आणि तो बिंदू लिहून ठेवा. "इथून सोयीचं पडतं" म्हणून सुरुवात हलवायची नाही. पॉइंट धरणात पडला, कड्यावर पडला, लष्करी हद्दीत पडला, तरी तो शेजारी सरकवायचा नाही.

काही जण प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरचा चौकोन घेऊन त्यात २५ ठिपके वाचतात आणि २०० चौकोनांचे "५,००० पॉइंट" म्हणून सांगतात. एकाच हेक्टरातले ठिपके एकमेकांसारखेच असतात. त्यांच्यातला सहसंबंध ०.५ असला तर हे ५,००० ठिपके जेमतेम ३८५ स्वतंत्र पॉइंटांइतके भरतात. चौकोन वर्ग ठरवायला घ्या, संख्या फुगवायला नको.

८. पॉइंट वाचणं

बदल १ टक्का असताना वाचण्यातली चूकही १ टक्का असेल, तर घनता कितीही वाढवा, उत्तर बिघडतंच. चुकीचं वाचन पॉइंटांच्या गर्दीने भरून निघत नाही. म्हणून दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी ठेवूनच वाचा आणि महिना तोच ठेवा. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळपास बाद.

आपल्या भागात खोटा बदल कुठे कुठे दिसतो, ते सांगतो. तोड झालेलं उसाचं शेत उघडं दिसतं, ते पडीक नव्हे. तासगावची द्राक्षबाग एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि पुन्हा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बोडकी दिसते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी मेअखेर खाली जातं, तेव्हा काठावर उघडी पडलेली जमीन म्हणजे जलाशय घटला असं नाही. डोंगरउतारांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याने काळे पडलेले पट्टे पावसाळ्यानंतर पुन्हा हिरवे होतात. पाचगणी-महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीवरचं प्लास्टिक चमकतं, त्याला वस्ती समजू नका. कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळवा भागात क्षारपड जमीन पांढरी दिसते. ती बांधकामाची नाही, पण तिथे शेती खरंच थांबली आहे का, हे आधीच्या वर्षांची चित्रं बघून ठरवा.

सर्वांत फसवं प्रकरण दुष्काळी पट्ट्याचं. माण, खटाव, आटपाडी, जत इथे २०१८-१९ च्या दुष्काळात उजाड दिसलेली जमीन चांगल्या पावसाच्या वर्षी हिरवीगार दिसते. ही दोन वर्षं पकडली तर "पीकजमीन वाढली" असं भलतंच उत्तर येईल. इथे प्रत्येक टोकाला एकाऐवजी लागोपाठची तीन वर्षं बघा. तिन्हींपैकी एकदा जरी पीक दिसलं तरी ती पीकजमीन.

दहा टक्के पॉइंट दुसऱ्या माणसाला, पहिल्याचं उत्तर न दाखवता, वाचायला द्या. बदल दिसलेले तर सगळेच दोघांनी वाचायचे. मतभेद झाला तर जवळच्या पॉइंटांवर जाऊन या. गावातल्या माणसाला "अण्णा, ही बाग कधी लावली?" एवढं विचारलं तरी चित्रांनी न सोडवलेलं कोडं सुटतं. सातबाऱ्यावर २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या नोंदी आहेत, त्याही कामाला येतात.

९. चाचणी घ्या, मग घनता पक्की करा

२००-३०० पॉइंटांची चाचणी दोन कामांसाठी घ्या: एका पॉइंटला किती वेळ लागतो आणि वाचणाऱ्यांचं किती पटतं. एवढ्यावरून दुर्मिळ बदलाचं प्रमाण कळत नाही, त्यासाठी जुने नकाशे किंवा आधीचं सर्वेक्षण धरा.

मग वेळेचा हिशेब मांडा. पॉइंटला तीन मिनिटं आणि दिवसाला सहा तास धरले, तर सांगलीसाठी २ किलोमीटरची ग्रिड एका माणसाचं सुमारे १८ दिवसांचं काम आहे, १ किलोमीटरची ७० दिवसांहून जास्त. वेळ नसेल तर घनता निमूटपणे कमी करून पायरी १ चं वाक्य तसंच ठेवू नका. वाक्य बदला. तालुक्याऐवजी जिल्हा म्हणा, एका जिल्ह्याऐवजी दोन्ही जिल्हे मिळून म्हणा, पाच वर्षांऐवजी दहा वर्षांचा बदल घ्या, किंवा सहा वर्गांतल्या तीसही बदलांऐवजी दोन-तीन महत्त्वाचे निवडा. काळ वाढवला की बदल कमी दुर्मिळ होतो आणि तेवढ्याच पॉइंटांत काम भागतं.

१०. आकडा लिहिताना आणि फाईल ठेवताना

प्रत्येक आकड्याशेजारी चूक लिहा आणि बदलाचे किती पॉइंट सापडले तेही लिहा. दहापेक्षा कमी पॉइंटांवर उभा असलेला आकडा स्वतंत्र ओळीत देऊ नका, "इतर बदल" मध्ये मिळवा. ग्रिडवर साध्या यादृच्छिक नमुन्याचं सूत्र वापरलं तर चूक सहसा खऱ्यापेक्षा थोडी जास्तच दिसते. ते चालेल.

पॉइंटांची फाईल सीएसव्ही आणि केएमएल अशा दोन्ही रूपांत ठेवा. प्रत्येक ओळीत क्रमांक, अक्षांश-रेखांश, थर, थराचा भार, दोन्ही वर्षांचा वर्ग, वाचणाऱ्याची खूण आणि चित्राची तारीख हवी. पाच वर्षांनी हेच पॉइंट पुन्हा वाचायचे आहेत आणि तेव्हा ते वाचणारा माणूस बहुतेक दुसराच असेल, म्हणून व्याख्यांचं पान आणि ग्रिडच्या सुरुवातीचा बिंदूही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.